दोरा सुटला नव्हता

सभेचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे सर्वांत जुने सभासद माननीय मास्तर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले सचिव ब्रदर, त्यांना घेऊन जायला एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या आणि आज पहिल्यांदाच आपल्यात बसलेल्या त्यांच्या ताई, तिसऱ्या रांगेतले आमचे घड्याळजी, खिडकीकडचे, दाराकडचे आणि खुर्च्या संपल्या म्हणून जिन्यात उभे राहिलेले सगळे मित्रहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मास्तरांनी दिली आहेत, आणि चाळीस वर्षं वर्गावर तास घेतलेला माणूस पाच म्हणतो तेव्हा पाचच. मी लिहून आणलंय. पण अक्षर माझं असल्यामुळे मलाच लागत नाही. सहावीत शाळा सुटली आणि छापखान्यात लागलो. जन्मभर दुसऱ्यांचं लिखाण शिशाच्या खिळ्यांनी जुळवलं, तेही उलटं, कारण खिळा उलटा असला तरच कागदावर अक्षर सुलटं उमटतं. म्हणून मला इथे सगळे जुळारी म्हणतात. सुलटं वाचायची सवय अजून नीटशी नाही. हा पाण्याचा पेला माझाच ना? मास्तरांचा आहे. माफ करा, मी प्यालो त्यातलं.

ताई, इथल्या बाकीच्यांना हे पाठ आहे, पण तुमच्यासाठी थोडं सांगतो. हे मंडळ पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांचं. ते तुम्हाला तुमच्या भावाने सांगितलेलंच आहे, नाहीतर तुम्ही त्या खुर्चीत बसला नसता. तुमचा भाऊ इस्पितळात रुग्णांची शुश्रूषा करतो, तिथे त्याला ब्रदर म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. चौदा वर्षं त्यांनी आमचं सचिवपद सांभाळलं. गुच्छ देताना सलूनवाले त्यांच्याबद्दल चांगलं चांगलं बोललेच आहेत. मी एकच सांगतो.

पूर्वी आमची बैठक शनिवारी संध्याकाळी असायची. एकटे ब्रदर सोडले तर आम्ही सगळे गोरे. एखाददुसरा आणखी काळा माणूस यायचा, दाराजवळच्या खुर्चीत बसायचा, दुसऱ्यांदा यायचा नाही. आम्ही म्हणायचो, काय करणार, त्यांना रसच नाही. ब्रदर सचिव होण्याच्या कितीतरी आधी, नुसते सभासद असताना, एकदा उभे राहून म्हणाले, “शनिवारी संध्याकाळी इस्पितळात कोण असतं? धुलाईखान्यात कोण असतं? बस कोण चालवतं? पुलापलीकडची आमची अर्धी वस्ती तेव्हा कामावर असते. रविवारी दुपारी तीनला बैठक ठेवा.”

सलूनवाले म्हणाले, “रविवारी दुपारी माणसाने झोपायचं की मंडळात यायचं?”

“मंडळात येऊन झोपा. तसेही झोपताच.”

खोटं सांगत नाही, दोन महिन्यांत अकरा नवी माणसं आली. सात काळी. मग कुणीतरी कुरकुरलं, मंडळ आता पहिल्यासारखं राहिलं नाही हो. ब्रदर म्हणाले, “मंडळ तेच आहे. घड्याळ बदललंय.” तेव्हापासून आमच्या घड्याळजींना वाटतं की ते श्रेय त्यांचं.

असो. आता मी ज्याच्यासाठी उभा राहिलोय तिकडे येतो. घड्याळजी, मान हलवू नका, येतोय.

ब्रदर दर वर्षी वार्षिक सभेत एक गोष्ट सांगतात. जुळाऱ्याच्या दोऱ्याची गोष्ट. तुम्ही सगळे ती ऐकून पोट धरधरून हसता. मीही हसतो. नव्या सभासदांसाठी आणि ताईंसाठी ती आधी जशी सांगतात तशी सांगतो.

सव्वीस वर्षांपूर्वी आपल्या मंडळाचं चार पानी पत्रक निघायचं. मास्तर संपादक, मी जुळारी. मालकाच्या परवानगीने रविवारी सकाळी लग्नपत्रिकांच्या मधून मी ते जुळवायचो. चौथ्या पानावर जाहिराती असायच्या, मित्र हवा, सोबती हवा अशा. नाव नाही, नुसता क्रमांक. उत्तरं छापखान्यात यायची आणि मी ती पोचवायचो. तेव्हा आमच्यासारख्या माणसाला दुसरी वाट नव्हती. मला स्वतःला घड्याळजी त्याच पानावर सापडले.

त्या जाहिरातींच्या शेवटी एक ओळ फार वेळा यायची. “फक्त गोऱ्यांनी लिहावे. इतरांनी तसदी घेऊ नये.” दहातल्या सहा जाहिरातींना ती असायची. छापून झालं की जुळारी खिळे सुटे करून परत खणांत टाकतो. पण जी ओळ पुन्हा पुन्हा लागते ती कोण दर वेळी जुळवणार? मी ती सुटी करत नसे. दोऱ्याने बांधून फळीवर तयार ठेवली होती. एक नाही, चार. मागणी होती ना.

एका रविवारी ब्रदर छापखान्यात आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. एकतीस वर्षांचे, हातात आमचं पत्रक.

“काका, ही सत्तावीस नंबरची जाहिरात तुम्ही छापली का?”

म्हटलं, “हो. का? काही चुकलंय?”

“चुकलं असं नाही. पण जाहिरात माझी आहे. आणि तिच्यात मी मलाच कळवलंय की तसदी घेऊ नये.”

मी त्यांच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, “दोरा सुटला असेल हो. बांधलेली ओळ होती, घसरली असेल तुमच्या जाहिरातीत.”

ब्रदर हसले. एवढ्या मोठ्याने हसले की मालक आतून बघायला आला. मास्तरांनी पुढच्या अंकात दुरुस्ती छापली, छपाईतील दोषामुळे क्रमांक सत्तावीसमध्ये एक ओळ चुकून आली आहे, क्षमस्व. आणि ओशाळे होऊन ब्रदरांना मंडळात बोलावलं. अशा रीतीने आम्हाला आमचे सचिव मिळाले. इथे तुम्ही टाळ्या वाजवता. आज नका वाजवू.

मित्रहो, या सभेत छापखान्यात काम केलेला दुसरा कुणी नाही. असता तर त्याने पहिल्याच वर्षी मला उभं केलं असतं. दोरा सुटला तर खिळे जमिनीवर सांडतात. ते दुसऱ्याच्या जाहिरातीत जाऊन, शेवटी जागा बघून, रांगेत उभे राहत नाहीत.

दोरा सुटला नव्हता. ती ओळ मी हाताने उचलून तिथे लावली.

थांबा, मला वाचू द्या, नाहीतर ओळ चुकेल.

ब्रदरांचा कागद पोस्टाने आला होता. अक्षर मोत्यांसारखं. मजकूर मला आजही पाठ आहे. “वय एकतीस. इस्पितळात नोकरी. भांडी घासताना गातो, गळा बरा आहे. बोलणारा नसला तरी चालेल, ऐकणारा हवा. रविवारी मोकळा.” शुद्धलेखनाची एक चूक नाही. मास्तरांच्या कागदात दोन तरी सापडायच्या. मी तो वाचला आणि म्हटलं, वा, हा कुणीतरी शिकलेला, चांगल्या घरातला, आपल्यातला. आणि शेवटची ओळ लिहायची विसरलाय.

असं व्हायचं, म्हणून सांगतो. लोक जाहिरात पाठवायचे आणि मागाहून छापखान्यात फोन करायचे, अहो, ते गोऱ्यांचं तेवढं घाला, राहिलं. एकाने तर मला झापलं होतं, तुम्हाला कळायला नको का? तेव्हापासून सभ्य, शिकलेल्या माणसाचा कागद दिसला आणि ओळ नसली की मी आपणहून घालू लागलो. गिऱ्हाइकाची सोय म्हणून. कुणी कधी तक्रार केली नाही. पहिली तक्रार ब्रदरांची.

म्हणजे मला काय वाटलं ते बघा. इतकं नीट लिहिणारा माणूस काळा असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्याला धड आपलं स्वतःचं अक्षर लागत नाही, त्या सहावी नापास माणसाच्या डोक्यात. वाईट हेतू नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण हेतू वाईट असता तर निदान त्या दिवशी विचार तरी केला असता. मी विचारही केला नाही. हात गेला फळीकडे.

सलूनवाले, तुम्ही काय म्हणताय? मोठ्याने म्हणा. “इतकी जुनी गोष्ट आता कशाला?” बरोबर आहे. मीही तेच म्हणत आलो, सव्वीस वर्षं. आता मी का बोलतोय ते ऐका, मग काय म्हणायचं ते म्हणा.

त्या जाहिरातीला अकरा उत्तरं आली. त्या ओळीवर विश्वास ठेवून लिहिलेली. ब्रदर त्यातल्या एकाला भेटायला बागेत गेले. ठरलेलं बाक, ठरलेली वेळ, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. तो गृहस्थ आला, त्याच बाकावर बसला, पाऊण तास वाट पाहत बसला. जाताना ब्रदरांनाच म्हणाला, “कुणी इकडे येऊन गेलं का हो? एक इस्पितळातले गृहस्थ येणार होते.” ब्रदर म्हणाले, “नाही बुवा.” हेही ते हसत सांगतात. मी मात्र तेव्हा माझ्या बुटांकडे बघत असतो.

आणि बारावं उत्तर आलंच नाही. ते शिंप्याचं होतं.

ताई, शिंप्याला तुम्ही ओळखत होता. तुमच्या मुलीच्या लग्नातला पोशाख त्यानेच शिवला होता. ब्रदर आणि तो अठरा वर्षं एका घरात राहिले. बैठक रविवारी दुपारी झाली म्हणून तो पहिल्यांदा इथे येऊ शकला, कारण शनिवारी त्याचं दुकान उघडं असायचं. जाहिरात छापल्यापासून सात वर्षांनी. त्या पहिल्या दिवशी चहा घेताना ब्रदर पेले विसळत काहीतरी गुणगुणत होते. शिंपी त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “सत्तावीस नंबर?”

मी तिथेच होतो. साखर घालत होतो.

शिंपी म्हणाला, “मी वाचली होती तुमची जाहिरात. ऐकणारा हवा, असं होतं. म्हटलं, दिवसभर मशिनची घरघर ऐकतो, माणूस ऐकायला काय हरकत आहे. पेन काढलं. मग खालची ओळ वाचली आणि पेनाला टोपण लावलं.”

“अरे, पुढच्या महिन्यात दुरुस्ती छापली होती!”

“त्यानंतर मी तुमचं पत्रक घेतलंच नाही.”

मग ब्रदरांनी त्याला दोऱ्याची गोष्ट सांगितली. दोघंही हसले. शिंपी माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, दोरा कच्चा वापरलात. माझ्याकडून न्यायचा होता.” मी त्याच्या पेल्यात साखर दोनदा घातली, आणि तो बिचारा तसाच प्यायला.

तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. नंतर मंडळात ती ओळ बंद करायचा ठराव आला. पत्रक तोवर चालूच होतं, आणि ऐका, ब्रदरांची तक्रार आल्यावरही मी ती ओळ तब्बल सात वर्षं छापत होतो. बाकीच्यांच्या जाहिरातींत. एवढंच केलं की आपणहून घालणं सोडलं. ठरावावर सलूनवाले म्हणाले, “आवड आहे हो ज्याची त्याची. मला जाडा माणूस आवडत नाही, तर मी काय जाड्यांचा शत्रू झालो?” ब्रदर म्हणाले, “तुमची आवड तुमच्या घरात ठेवा, कोण विचारतंय? पण तुम्ही ती पाटी करून मंडळाच्या दारावर लावता. त्या पाटीखालून मला दर रविवारी आत यावं लागतं.” खरं सांगायचं तर पुढे सलूनवालेच ब्रदरांचे सगळ्यांत जवळचे मित्र झाले. मतं पडली. बाजूने चौदा, विरुद्ध बारा. मी हात वर केला नाही. ना इकडे, ना तिकडे. मी म्हटलं, आपण कामगार माणूस, द्याल ते जुळवू. त्या रात्री जेवताना घड्याळजी मला म्हणाले, “तुझा हात काय फळीकडेच वर होतो का रे?”

घड्याळजींना मी खरं सांगितलं होतं. त्यांना एकट्यालाच. ते म्हणायचे, जा, सांगून ये. मी ब्रदरांच्या घरी तीन वेळा गेलो. एकदा शिंप्याने विजारीचं माप घेतलं. एकदा जेवलो. तिसऱ्या वेळी शिंपी आजारी होता, आणि आजाऱ्याच्या घरात अशी गोष्ट काढायची नसते, असं म्हणून मी सुटलो. सुटायला निमित्त मिळालं की मला फार बरं वाटतं, हा माझा जुना स्वभाव.

गेल्या वर्षी शिंपी गेला. याच खोलीत शोकसभा झाली. ब्रदर इथेच, या टेबलाला हात टेकून उभे होते, आणि म्हणाले, “अठरा वर्षं मिळाली. तो दोरा सुटला नसता तर पंचवीस मिळाली असती. पण दोऱ्यावर कोण रागावणार?”

मित्रहो, त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. घड्याळजी साक्षीदार आहेत. ब्रदर म्हणतात रागावायला कुणी नाही, आणि रागावण्याजोगा माणूस दुसऱ्या रांगेत हातात टोपी घेऊन बसलेला. माणसाचं एवढं गेलं, आणि त्याचा राग धरायची जागासुद्धा मी लपवून ठेवली.

तुम्ही म्हणाल, मग त्यांना एकट्याला सांगायचं, निरोपाच्या दिवशी चारचौघांत कशाला? मी यावर पुष्कळ डोकं चालवलं. माझ्या धंद्याचा एक नियम आहे. चूक ज्या पानावर छापली, दुरुस्ती त्याच पानावर छापायची, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. मास्तरांची दुरुस्ती बारीक टायपात होती, आणि तीही खोटी, कारण मी त्यांना खोटं सांगितलं. मास्तर, तुमचा त्यात दोष नाही. दोऱ्याची गोष्ट या खोलीत सव्वीस वर्षं मोठ्याने सांगितली गेली, तुम्ही सगळे तिच्यावर हसलात. म्हणून दुरुस्ती इथेच. घरी जाऊन हळूच सांगितलं असतं तर ब्रदरांनी मला हळूच माफ केलं असतं आणि गोष्ट तशीच चालू राहिली असती. त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवून चहा टाकला असता.

ताई, तुमच्यासमोर हे बोलायला मला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती. तुमच्या लोकांबद्दल आम्ही आपसात काय काय छापत होतो ते तुम्हाला कळू नये असं वाटत होतं. बाहेरच्यांनी आम्हाला इतकं हिडीसफिडीस केलं, नोकरीवरून काढलं, घरातून काढलं, तेव्हा आम्हाला वाटायचं की आम्ही कुणाला हिडीसफिडीस करूच शकत नाही. आम्ही चार पानांचं पत्रक काढायचो, तर त्यातलं एक पान त्यालाच दिलं होतं.

तरुण मंडळींना वाटत असेल, छापखाने गेले, म्हातारा कुठल्या काळातलं सांगतोय. मागच्या आठवड्यात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आपल्या सभासदाने मला त्याच्या फोनवर मित्र शोधायची सोय दाखवली. तिथे आता ओळ लिहावीही लागत नाही. कोण हवा, कोण नको, नुसतं बोट लावायचं. बोटाने मी काय केलं ते मी सांगितलं. तुम्ही बोट लावण्याआधी काय करावं ते मी सांगणार नाही, मला तेवढी अक्कल नाही आणि माझी पाच मिनिटं केव्हाच संपली.

ब्रदर, बसा. कृपा करून बसा. उठून माझ्याकडे येऊ नका, नाहीतर मला पुढचं वाचता येणार नाही.

आभार मानायचे आहेत. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, आल्याबद्दल ताईंचे, जिन्यात उभे राहिलात त्यांचे, आणि बत्तीस वर्षं मला टोचत राहिल्याबद्दल घड्याळजींचे. ब्रदर, तुम्ही आमच्यासाठी केलंत त्याबद्दल मी काही बोललोच नाही, ते सलूनवाल्यांच्या भाषणात आलेलं आहे, ते माझंही समजा.

बोलताना नावं मागेपुढे झाली असतील, कुणाचा मान राहून गेला असेल, वेळ तर मी खाल्लाच. त्या सगळ्यासाठी सभेने मोठ्या मनाने मला माफ करावं. सत्तावीस नंबरच्या जाहिरातीची गोष्ट मात्र या माफीत धरू नका. ती सभेच्या हातातली नाही. ब्रदर, तुमची गाडी साडेसहाची आहे, सामान बांधलेलं आहे, ताई दमल्या आहेत. घाईघाईने, माझं वय बघून, जाता जाता मला माफ करू नका. तिकडे जा. आधी माझ्यावर रागवा, पाहिजे तितके दिवस. मग लिहावंसं वाटलं तर लिहा. नाही वाटलं तरी मला कळेल.